न बांधलेलं कलम

मखमलाबादच्या सावळीरामला आडनाव होतं. शाळेच्या दाखल्यावर होतं, रेशनकार्डावर होतं, मतदारयादीत तर चुकून दोनदा होतं. पण ते कधी कुणाला लागलंच नाही. दिंडोरीपासून ओझरपर्यंतचे द्राक्षवाले त्याला ‘कलमवाला सावळीराम’ म्हणूनच ओळखायचे. घरचा दीड एकर मळा होता, त्यात गुलाब, मेथी, कोथिंबीर. ते सगळं बायको नवसाबाई आणि आई कुसाबाई बघायच्या. आणि हा गडी खिशात चाकू आणि पिशवीत पट्ट्यांचं भेंडोळं घेऊन लोकांच्या बागा जोडत हिंडायचा.

काम दिसायला सोपं. रानटी खुंटाचा शेंडा उडवायचा, त्याला मधोमध उभी चीर द्यायची, चांगल्या जातीच्या काडीला पाचरीसारखी धार काढायची, ती चिरेत बसवायची, सालीला साल भिडवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. पंधरा-वीस दिवसांत काडीचा डोळा फुटला की कलम लागलं म्हणायचं. नाही फुटला तर काडी वाळते आणि ओळीत नांगी पडते, म्हणजे दातांच्या ओळीत एक दात पडावा तशी रिकामी जागा.

कामाला हात घालण्याआधी सावळीराम बागवाल्याला बांधावर उभं करून दोन गोष्टी ऐकवायचा. पहिली, “शंभरात सात जातील. आत्ताच सांगतो, मागून तोंड वाकडं करायचं नाय.” आणि दुसरी, “एकदा पट्टी बांधली की महिनाभर ती उघडून बघायची नाय. लागलं का, लागलं का म्हणून जो उघडतो, त्याचं लागलेलंबी तुटतं. ज्याला धीर नसंल त्यानं वांगी लावावीत.”

ही दुसरी गोष्ट त्याच्या रक्तातच भिनली होती. घरात भात शिजायला ठेवला तरी तो झाकण उचलू द्यायचा नाही.

एकोणीसशे नव्याण्णव साली त्याच्या घरात तीन मुलं होती. शुभांगी, सुवर्णा आणि वर्षाचा महेश. महेशच्या वेळी नवसाबाईला फार त्रास झाला. अंगातलं रक्त इतकं कमी झालं की तिचे ओठ आणि खाटेवरची पांढरी चादर यात फरक कळेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सावळीरामला बाजूला घेऊन सांगितलं, “आता पुरे करा. आणि तिच्या अंगात सध्या ऑपरेशनचं बळ नाही. तुम्ही का नाही करून घेत? बिनटाक्याची नसबंदी आहे आता. अर्ध्या तासात घरी.”

आळीतल्या एकाही पुरुषाने हे केलेलं नव्हतं. बायकांनी करायचं आणि पुरुषांनी त्यांना रिक्षातून घरी आणायचं, अशी कामाची वाटणी होती. पण सावळीरामने नवसाबाईच्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाला, “करतो.”

अडचण एकच, कुसाबाई. आणीबाणीत तिच्या भावाला धरून नेऊन नसबंदी केली होती. त्यानंतर भावाची कंबर धरली, मग त्याची म्हैस मेली, मग विहिरीचं पाणी गेलं. कुसाबाई या तिन्ही गोष्टी त्या एकाच ऑपरेशनाच्या खात्यावर टाकायची. त्यामुळे नवरा-बायकोचं ठरलं की म्हातारीला कळू द्यायचं नाही. म्हातारीलाच काय, कुणालाच नाही.

नाशिकमधल्या शिबिरात डॉक्टरांनी त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. ही नळी, ही इथे कापायची, दोन्ही टोकं बांधायची. “शंभरात दोघा-चौघांना सूज येते, एखाद्याची जखम चिघळते,” ते म्हणाले. “आठवडाभर वजन उचलायचं नाही, सायकल नाही. लंगोट घट्ट बांधा. आणि हे लगेच लागू होत नाही बरं का. तीन महिने ही पाकिटं वापरा, मग तपासणीला या. तपासून साफ निघालं तरच मोकळे. त्यानंतरही हजार-दोन हजारांत एखाद्याचं पुढे केव्हातरी जुळतंच.”

सावळीरामच्या डोक्यात स्वतःचे शंभरात सात होते. तो कौतुकानेच म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुमचं काम आमच्यापरीस लय सरस हाय.”

ऑपरेशन खरंच चटकन झालं. “काडी बघायला दिंडोरीला चाललोय” असं सांगून सकाळी गेलेला सावळीराम दुपारी घरी आला. फक्त चालताना पायात मांजर आल्यासारखा जपून चालत होता.

तिसऱ्या दिवशी कुसाबाईने बाजरीचं अर्धं पोतं पुढे केलं. “जा, गिरणीत टाकून ये.”

आता काय सांगणार? नवसाबाई स्वयंपाकघरातून डोळ्यांनी नको-नको म्हणत होती. पण धडधाकट मुलगा अर्धं पोतं उचलत नाही याचं कारण आईला काय द्यायचं? सावळीरामने पोतं खांद्यावर टाकलं. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांच्या शंभरातल्या त्या दोघा-चौघांत त्याचा नंबर लागला होता. पुढचे आठ दिवस तो पालथाही झोपू शकत नव्हता आणि कुशीवरही. रंग तर असा चढला होता की आपल्याच मळ्यात हे भरताचं वांगं कुणी लावलं, असं त्याला वाटावं. नवसाबाईने सासूला सांगितलं, “त्यांना गळू झालंय.” कुठे झालंय, हे सासूने विचारलं नाही. तिने मुकाट पोटीस करून दिलं, आणि नवसाबाईने ते मुकाट खिडकीतून टाकलं.

भानगड झाली ती लंगोटाची. दोरीवर रोज एक तांबडा लंगोट वाळत पडू लागला. कुसाबाईने तो पाहिला, सावळीरामकडे पाहिलं आणि विचारलं, “हे काय नवीन?”

“तालीम,” सावळीराम म्हणाला. तोंडात आला तो पहिला शब्द.

“पस्तिशीत?”

“अंग धरायला लागलंय.”

“बरं,” म्हातारी म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटाजवळ पेलाभर दूध आणि दोन उकडलेली अंडी येऊ लागली. तिने शेजारणीलाही सांगितलं, “आमचा सावळ्या तालमीत जातो आता.” जिन्याच्या दोन पायऱ्यासुद्धा ज्याला चढवत नव्हत्या, त्याला गावातली पोरं “काय पैलवान!” म्हणून हाका मारायला लागली.

सूज उतरली, दूध बंद झालं. पाकिटं तीन महिने पुरली. नवसाबाईच्या ओठांवर पुन्हा रंग आला. मग एके दिवशी मेथी खुडता खुडता तिने आठवण केली, “अवो, तपासायला जायचं होतं ना?”

“कशाला?”

“डॉक्टर म्हणले होते.”

सावळीराम हसला. “आगं, कलम बांधलं की उघडून बघायचं नसतं.”

“हे काय कलम हाय का?”

“कापून बांधलं ना? मग झालं तर.”

खरी गोष्ट अशी की डबीत काय आणि कसं द्यायचं असतं, हे शिबिरात एकाने त्याला सांगितलं होतं आणि ते ऐकूनच त्याला घाम फुटला होता. पण माणूस आपली लाज कधी लाज म्हणून सांगत नाही, तत्त्व म्हणून सांगतो.

दोन हजार एकच्या भाद्रपदात, कलमांचा हंगाम ऐन भरात असताना, सावळीराम दिंडोरीला खंडेरावच्या बागेत मुक्कामाला होता. आठवड्यातून एकदा घरी यायचा. असाच एका सोमवारी आला, हातपाय धुतले, आणि चुलीपुढे बसलेली नवसाबाई खाली बघत म्हणाली, “अवो, मला दिवस गेलेत.”

सावळीरामच्या हातातला पंचा हातातच राहिला.

“असं कसं?” तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. दोन शब्द. पण शब्द तोंडातून सुटले आणि नवसाबाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आणि ती असं कधी पाहत नसे. मग ती पुन्हा भाकरी थापायला लागली. ती भाकरी तव्यावर करपली, तरी तिने उलटली नाही.

तेवढ्यात कुसाबाई परसातून आली. सुनेला दोन दिवस ओकाऱ्या होत होत्या, म्हातारीने काय ते ओळखलंच होतं. तिने फडताळातून गुळाचा खडा काढला, नवसाबाईची हनुवटी धरली आणि खडा तिच्या तोंडात घातला. “उदास का बसलीस गं? पोर येतंय घरात.” आणि मुलाकडे वळून म्हणाली, “तू काय मेलेल्या माणसागत उभा राहिलास? घे, तूबी गूळ खा.”

सावळीरामने गूळ खाल्ला. तो त्याला कडू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो दिंडोरीला निघून गेला, आणि त्या आठवड्यात घरी आलाच नाही.

मन मोठं चमत्कारिक जनावर आहे. बारा वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, जिने तापात त्याचे पाय चेपले, जी एकटी जत्रेलाही जायची नाही, तिच्याबद्दल सावळीरामच्या मनाला काही म्हणायचं नव्हतं. पण मन एकीकडे हे म्हणायचं आणि दुसरीकडे गावातल्या सगळ्या पुरुषांची हजेरी घ्यायचं. खुंटाला चीर देताना त्याला पाववाला आठवायचा. पट्टी गुंडाळताना ठिबकच्या नळ्या विकणारा तो गॉगलवाला पोरगा आठवायचा. चौथ्या दिवशी तर त्याने पुंजातात्यालाही हजेरीत घेतलं. पुंजातात्या म्हणजे त्यांच्या आळीतला सत्तरीचा म्हातारा, ज्याला उठून बसायलाच दोन माणसं लागायची. तेव्हा मात्र सावळीरामला स्वतःची किळस आली. त्याने चाकू मिटला आणि बांधावर जाऊन चूळ भरली. पण चूळ भरून काय होतं? नळी कापलेली होती. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवली होती. आणि कापलेली गोष्ट कापलेली असते.

नववा दिवस. उन्हं उतरायला लागली होती. खंडेरावने बागेच्या त्या टोकावरून हाक मारली, “कलमवाले, इकडं या जरा. हे कलम कुणी बांधलं?”

सावळीराम गेला. ओळीच्या शेवटी एक खुंट बांबूला सुतळीने बांधलेला होता. दीड-दोन महिन्यांपूर्वी निंदताना कुणा मजूर बाईच्या विळ्याने तो आरपार कापला गेला होता. सावळीरामला आठवतही होतं, कारण तेव्हा खंडेराव तिच्यावर ओरडला होता. पण वरचा तुकडा सुतळीत अडकून जागच्या जागी उभा राहिला होता. टोकाला टोक लागून. ना पाचर, ना पट्टी. आणि कापल्या जागी आता बोराएवढी गाठ आली होती. वर चार नवी पानं, पोपटी, तकतकीत.

“कुणीच नाय बांधलं,” सावळीराम म्हणाला.

“मग लागलं कसं?”

“जवळ राहिलं म्हणून.” त्याने गाठीवरून बोट फिरवलं. “दोन टोकं जवळ राहिली ना, तर हे...”

तो मटकन वाफ्यातच बसला.

“काय हो, चक्कर आली का?” खंडेराव घाबरला. “पाणी आणू?”

“मालक,” सावळीराम म्हणाला, “मी गाढव हाय.”

“ते असू द्या, पण उरलेल्या ओळी?”

“उद्या.”

वीस वर्षं हा माणूस कापलेलं जोडून पोट भरत होता, आणि कापलेलं जुळतं हे त्याला त्याच्या घरापुरतं सुचलं नव्हतं. त्याने पिशवी उचलली आणि संध्याकाळची एसटी पकडली. पण घरी जायला त्याचे पाय उचलेनात. नुसतं तोंड घेऊन कसं जायचं? पुरावा पाहिजे. ती रात्र त्याने पंचवटीतल्या मावसभावाकडे काढली आणि सकाळी नऊला तो इंदिरानगरातल्या एका लॅबच्या दारात उभा राहिला. मखमलाबाद शहराच्या या टोकाला, इंदिरानगर त्या टोकाला. तिथे ओळखीचं कुत्रंही भेटणार नव्हतं.

लॅबमध्ये यादव नावाचा चष्मेवाला तरुण होता. “नाव?” त्याने विचारलं.

बाकावर दोन बायका बसल्या होत्या. “खंडेराव,” तो म्हणाला.

यादवने डबी दिली, दार दाखवलं. आत एवढीशी खोली, आणि भिंतीवर कॅलेंडर, त्यावर हात वर करून आशीर्वाद देणारी देवी. सावळीरामने हात जोडले, कॅलेंडर उलटं करून भिंतीकडे फिरवलं, आणि बऱ्याच वेळाने, कपाळावरचा घाम पुसत, डबी घेऊन बाहेर आला. बायकांकडे न बघता तो बाकाच्या पार कडेला जाऊन बसला. मग एकदम उठला, पुन्हा आत गेला, देवीला सरळ केलं आणि परत येऊन बसला.

तासाभराने यादवने त्याला आत बोलावलं. चेहरा पडलेला होता. “काका, नसबंदी कधी झालीय म्हणालात?”

“दोन वर्षं होतील.”

“मग बातमी जरा वाईट आहे. ती काही लागू झालेली दिसत नाही. तुम्हाला बघायचंय का?”

सावळीरामने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात काहीतरी वळवळलं. मग अजून एक. मग जत्रेत आईबापांचा हात सोडून सुटलेल्या पोरांसारखी ती सैरावैरा धावताना दिसायला लागली.

“पळत्यात!” सावळीराम ओरडला. “आरं बाबा, पळत्यात की!” आणि त्याने यादवला मिठी मारली.

“काका, चष्मा, चष्मा!” यादव गुदमरत म्हणाला. “हे ऐकून लोक डोकं धरून बसतात. आनंद झालेले तुम्ही पहिलेच.”

सावळीरामने रिपोर्ट घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. वाटेत पेढे घेतले. मखमलाबादला उतरून तो धावतच मळ्यात गेला. नवसाबाई लिंबाखाली बसून संध्याकाळच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. नऊ दिवसांत ती निम्मी झाल्यासारखी दिसत होती.

“नवसा,” तो धापा टाकत म्हणाला, “फेल गेलं! माझं ऑपरेशन फेल गेलं! हे बघ, कागद.”

तिने कागदाकडे बघितलं नाही. त्याच्याकडे बघितलं. “म्हणजे तपासायला गेला होता.”

“हां. वाच की.”

ती सातवी शिकलेली. ओल्या हाताने तिने कागद उलगडला, वरपासून खालपर्यंत पाहिला, मग पुन्हा वर आली आणि थांबली.

“हा कागद कुणाचा हाय?”

“कुणाचा म्हणजे? माझा.”

“यावर तर खंडेराव लिहिलंय.”

सावळीरामच्या पायाखालचा मळा सरकला. “ते... तिथं बाया बसल्या होत्या. मला लाज वाटली. म्हणून तोंडात आलं ते नाव सांगितलं. पण माझाच हाय तो, नवसा. देवाशपथ. माझ्यावर इश्वास ठेव.”

बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मग नवसाबाईने कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली.

“ठेवला,” ती म्हणाली. “बघा. एवढाच येळ लागतो.”

तो तिच्या समोर खाली बसला. पेढ्यांचा पुडा मेथीवर कलंडला. हंगामाला दहा-वीस हजार पट्ट्या गुंडाळणाऱ्या माणसाला कुठे बघावं कळेना, म्हणून त्याने मेथी उचलली आणि जुडी बांधायला घेतली. ती सुटली. दुसरी घेतली, तीही सुटली.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

“घट्ट बांधा.”

“जुडी न्हवं, मी ते...”

“मला कळलं काय ते.” तिने पुढची जुडी उचलली. “तवा तपासायला जा म्हणले, तर उघडून बघायचं नसतं म्हणालात. स्वतःला नाय उघडून बघितलं. मला मात्र नऊ दिवस उघडून बघत होता.”

तो रडला. मेथीत तोंड घालून रडला. नवसाबाईने जरा वेळ रडू दिलं, मग पदराच्या टोकाने त्याचं नाक पुसलं, महेशचं पुसायची तसंच. आणि म्हणाली, “पुरे आता. मेथी खारट व्हायची.”

असं सगळं एका पेढ्यात मिटलं, असं मात्र नाही. कलम लागतं, पण गाठ राहते. पुढे कितीतरी दिवस तो “असं कसं?” हे दोन शब्द दुसऱ्या कशाला, भाजीत मीठ जास्त पडलं त्यालासुद्धा, म्हणायला धजला नाही.

डॉक्टरीणबाईंकडे दोघं मिळून गेले. त्यांनी खंडेरावच्या नावाचा रिपोर्ट वाचला, खुलासा ऐकला आणि बराच वेळ टेबलाखाली काहीतरी शोधत राहिल्या. वर आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण ते हसून. “तीन महिन्यांनी तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, सावळीराम. हजारात दोन-चार तरी असे निघतात. यात ना तुमचा दोष, ना करणाऱ्याचा, आणि हिचा तर नाहीच नाही.” मग त्या नवसाबाईकडे वळल्या. “मूल नको असेल तर कायद्याने मोकळीक आहे. तुझं तू ठरव.”

सावळीराम तोंड उघडणार होता. त्याने मिटलं.

“माझ्या अंगाला झेपंल का?” नवसाबाईने विचारलं.

“मागच्यापेक्षा रक्त बरंय. गोळ्या नेमाने घेतल्यास, दर महिन्याला आलीस, तर झेपेल.”

“मग येऊ द्या,” ती म्हणाली. “एवढा दरवाजा बंद केला तरी आलंय. त्याला माघारी कसं धाडू?”

त्या हंगामात सावळीराम रोज रात्रीच्या एसटीने घरी यायचा. लोहाच्या गोळ्या स्वतः मोजून तिच्या हातावर ठेवायचा आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायचा नाही. एप्रिलात, ऐन उन्हाच्या तडाख्यात, मुलगी झाली. आई सुखरूप. नवसाने झालेल्या आईच्या पोटची ही बिननवसाची लेक. तिचं नाव पूजा ठेवलं.

पोरगी दोन महिन्यांची झाली तेव्हा सावळीराम पुन्हा शिबिरात गेला. डॉक्टर म्हणाले, “दुसऱ्यांदा येणारे फार थोडे.” तो म्हणाला, “नांगी पडली की भरायचीच असती.” या खेपेला पोतंबितं नाही, सूज नाही. पण लंगोट आलाच. तो दोरीवर वाळत पडला आणि सकाळी कुसाबाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काय रे, परत तालीम?”

सावळीरामने अंगणात बघितलं. पूजाला मांडीवर घेऊन नवसाबाई ओट्यावर बसली होती. आता खोटं बोलायचं नाही, असं त्याने ठरवलंच होतं. “नाय आई. तालीम कधी नव्हतीच. मी तीन वर्षांमागं ऑपरेशन करून घेतलं होतं. तुला सांगितलं नाय. ते फेल गेलं. आता परत केलंय.”

कुसाबाईने लंगोट चाचपून बघितला, वाळला की नाही. “मला काय येडी समजतोस? तालमीतनं येणारा माणूस असा पाय फाकवून चालतो का? माझ्या भावाला बघितलंय ना मी.”

“म्हणजे? तुला ठावं होतं?”

“वर तीन महिन्यांनी ती नर्सबाई आली होती वही घेऊन. सावळीराम तपासणीला आले नाहीत म्हणून. तुम्ही दोघं मळ्यात होता. म्हणलं, सांगते.”

“मग सांगितलं का नाय?”

“कसं सांगू? मला ठाऊक हाय ते तुम्हाला कळलं असतं. एवढं जिवावर उदार होऊन चोरून केलेलं. म्हणलं, असू दे.” म्हातारी जरा ओशाळली. “दूध-अंडी तर दिली ना.”

सावळीरामला दुसरंच काही आठवत होतं. गुळाचा खडा. हनुवटी धरलेला तो हात. त्याने हळूच विचारलं, “आई, तुला ऑपरेशन ठावं होतं. आन तरी नवसाला दिवस गेले तवा तू... तुला काय वाटलं नाय?”

“काय वाटायचं?”

“म्हंजे... कापलेलं असताना...”

कुसाबाईला आधी कळेना तो काय विचारतोय. मग कळलं, आणि ती मुलाकडे अशी बघायला लागली की जणू लहानपणी याला शाळेत घातलं ते पैसे वाया गेले.

“सुनेला मी बारा वर्षं बघतीय,” ती म्हणाली. “डॉक्टरला कुठं वळखते मी?”

ओट्यावर नवसाबाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते पूजाला मधे धरल्यामुळे दिसत नव्हतं.

“आणि तो लंगोट काढ आता,” कुसाबाई म्हणाली. “पोरीची दुपटी घालायचीत दोरीवर.”

तीन महिन्यांनी, बरोबर तारीख बघून, सावळीराम इंदिरानगरातल्या त्याच लॅबमध्ये गेला. या वेळी बाकावर पाच माणसं होती, आणि सहावी नवसाबाई, कडेवर पूजा. यादवने वही उघडली, वर बघितलं, आणि नकळत चष्म्यावर हात ठेवला.

“नाव?”

सावळीराम खाकरला. पाठीमागून नवसाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “खंडेराव सांगा की.”

बाकावरची पाचही माणसं वळून बघायला लागली. सावळीरामचे कान तांबडे झाले. मग त्याने ताठ उभं राहून आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आणि आडनावही सांगितलं. यादवने ते लिहिलं की नाही याची खात्री नव्हती, म्हणून दोनदा सांगितलं.